बरा पाय

मॅडमना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, आणि नावं तर मुळीच नाहीत. जयपूरच्या जगतपुऱ्यातल्या आमच्या विद्यापीठात त्या फिजिओथेरपी विभागाच्या प्रमुख होत्या, पण सगळ्या परिसरात त्यांनी नावानं ओळखलेलं एकही माणूस नव्हतं. फाटकावरचा चौकीदार म्हणजे ‘डावी टाच’. कँटीनवाला ‘वाकडा घोटा’. कुलगुरू ‘सपाट तळवे’, आणि हे कुलगुरूंच्याही कानावर गेलेलं होतं. मी मुलींच्या फुटबॉल संघात पुढच्या फळीत खेळायचे. माझं नाव ‘उजवी मांडी’. त्यांनी मला माझ्या खऱ्या नावानं एकदाच हाक मारली. त्याबद्दल पुढे सांगते.

आमची पहिली भेट मैदानावर झाली. मी पहिल्या वर्षाला होते, धावताना आपटले आणि सवयीनं ‘आई गं!’ म्हणून ओरडले. पलीकडून आवाज आला, “मराठी काय गं तू? थांब, मी येतो!” मी येणारा पुरुष शोधायला लागले. आली ती पन्नाशीची बाई, सुती साडी, पायात धावायचे बूट, पदर खोचलेला. आल्या आल्या माझा पाय हातात घेऊन म्हणाली, “काही झालेलं न्हाई. ऊठ. मी बघितलो की, तू पडायच्या आधीच पडली होतीस.” आमच्या घरातली मराठी नागपूरची, आणि माझ्या तोंडी येईपर्यंत तिच्यात भैया, मतलब असलं बरंच काही मिसळलेलं. बाबा विमा कंपनीत अधिकारी, बदली होऊन जयपूरला आले आणि वैशाली नगरात राहिले ते राहिलेच. बाई माणूस ‘मी येतो, मी जातो’ म्हणते हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. कोल्हापूरकडे बायका तसंच बोलतात हे आईनं सांगितलं. जगाशी मॅडम हिंदी-इंग्रजीत बोलायच्या, माझ्याशी मात्र थेट कोल्हापुरी. त्यामुळे शिव्याही मलाच जास्त बसायच्या.

त्या खुर्चीवर बसत नसत. चहा पिताना एका पायावर उभ्या राहायच्या, अर्धा कप संपला की पाय बदलायचा. विभागाच्या बैठकीतही तसंच. नव्या प्राध्यापकांच्या मुलाखती होत तेव्हा उमेदवाराला डोळे मिटून एका पायावर उभं करायच्या. एक गलेलठ्ठ डॉक्टरसाहेब त्यात टेबलाला धरून तरले, तर मॅडम म्हणाल्या, “विद्यार्थ्यांना काय टेबल धरून शिकवणार?” त्यांना घेतलं नाही. हे अन्यायाचं होतं असं मला आजही वाटतं. मॅडमना न्याय वगैरे गोष्टींशी देणंघेणं नव्हतं, पायांशी होतं.

जिन्यावरून उतरणारी माणसं बघायचा त्यांना नाद होता. दुपारी विभागाच्या जिन्याखाली उभ्या राहायच्या. चढणाऱ्याकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. “चढताना सगळेच पहिलवान,” म्हणायच्या. “उतरताना कळतं कोण किती पाण्यात हाय.” विद्यार्थी पाया पडायला वाकले की आशीर्वाद नाही, “गुडघे सरळ ठेवून वाक, बघू कुठवर पोचतोस.” आमच्यातले निम्मेजण म्हणून त्यांना नमस्कारच करायचे नाहीत.

मांडीच्या स्नायूंना त्या भाऊ म्हणायच्या. पुढचा थोरला, मागचा धाकटा. “थोरला पाय झाडतो, चेंडू मारतो, टाळ्या घेतो. धाकटा बिचारा थांबवायचं काम करतो. आणि तुम्ही पोरी सगळा खुराक थोरल्याला घालता.” मग धाकट्यासाठी व्यायाम. गुडघे टेकायचे, मागून मैत्रिणीनं घोटे दाबून धरायचे, आणि ताठ राहून पुढे जमिनीकडे झुकायचं, जितकं हळू जमेल तितकं. आम्ही त्याला साष्टांग म्हणायचो. मांडीची मागची बाजू अशी पेटायची की डोळ्यांत पाणी. “हळू!” मॅडम ओरडायच्या. “देवाला काय घाई न्हाई!”

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. नेता येत नव्हतं, कारण मॅडमचा शब्द शेवटचा होता. आमचे कोच जयपूरजवळच्या चौमू गावचे, धिप्पाड, आवाज असा की कबुतरं उडावीत. पण मॅडम ‘फिट’ म्हणाल्याशिवाय ते कुणालाही मैदानात उतरवत नसत. मी यायच्या आदल्या वर्षी त्यांनी एकदा मॅडमचं न ऐकता एका मुलीला खेळवलं होतं. तिचा गुडघा त्याच सामन्यात गेला आणि ती परत कधी खेळली नाही. त्यानंतर कोचसाहेब मॅडमकडे बघितल्याशिवाय संघ सांगत नसत. त्यामुळे सामन्याच्या आधी आमचं सगळ्यांचं लक्ष प्रतिस्पर्ध्यांकडे कमी आणि मॅडमच्या चेहऱ्याकडे जास्त असायचं.

त्यांच्या मागे काहीतरी दुःखद कहाणी असणार अशी आमची खात्री होती. कुणीतरी भाऊ, कुणीतरी मोडलेला पाय. मी एकदा धीर करून विचारलं. “कसली कहाणी?” त्या म्हणाल्या. “आमच्या गल्लीत फुटबॉल होता. भाऊ खेळायचे, आम्ही पोरी गच्चीतून बघायचो. पोरींना कोण खेळू देतंय? वरून चेहरे दिसत न्हाईत, पाय दिसतात. लागली सवय.” एवढंच. माझा हिरमोड झाला.

माझा गुडघा गेला तो तिसऱ्या वर्षाच्या शेवटी. कुणी धक्का मारला नाही, कुणी आडवं आलं नाही. जोरात पळत होते, चेंडू मागे राहिला म्हणून थांबून वळले, आणि उजव्या गुडघ्यात काहीतरी फटकन वाजलं. आवाज मी ऐकला, माझ्यामागच्या मुलीनंही ऐकला. वेदना नंतर आली. आधी आली ती भीती, कारण तो आवाज काय असतो हे मॅडमनी आम्हाला शिकवलेलं होतं.

लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशन झालं. मॅडम हॉस्पिटलात आल्या, मला कशी आहेस विचारलं नाही, आईला नमस्कार केला नाही. चादर बाजूला करून दोन्ही हातांनी माझी उजवी मांडी चाचपत राहिल्या. ऑपरेशनला आठवडाही झाला नव्हता आणि मांडी विरघळल्यासारखी दिसत होती. ते बघून मी रडायला लागले. “रडतीस काय? थोरला झोपलाय,” त्या म्हणाल्या. “उठवायचा. धाकट्याला पण उठवायचं. मी हाय की.”

तिथून पुढचे महिने मला नीट आठवत नाहीत, मॅडमचा आवाज तेवढा आठवतो. बाबा रोज सकाळी वैशाली नगरातून मला स्कूटरवर मागे बसवून शहराच्या त्या टोकाला आणायचे आणि तसेच ऑफिसला पळायचे. आधी मांडी नुसती आवळायची. मग पाय उचलायचा. मग वजन बांधून उचलायचा. मग साष्टांग. माझं शेवटचं वर्ष सुरू झालं होतं. हिवाळ्यात विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी निवड होती, त्यासाठी एक सामना व्हायचा आणि तो बघायला बाहेरून निवडकर्ते यायचे. या स्पर्धेला गेली तीन वर्षं मी राखीव म्हणून बाकावर बसले होते. यंदा पुढच्या फळीतली जागा माझी होती, आणि यंदा हुकलं की विद्यापीठाकडून खेळणं कायमचं संपलं. घरात या विषयावर कुणी बोलत नसे. आई देवापुढे जरा जास्त वेळ उभी राहायला लागली होती, तेवढंच.

विभागात पायाची ताकद मोजायचं एक यंत्र होतं. खुर्चीत बसायचं, मांडी पट्ट्यानं बांधून घ्यायची, आणि पाय पूर्ण जोर लावून पुढे ढकलायचा, मागे ओढायचा. समोर पडद्यावर रेषा उमटायच्या, बऱ्या पायाची निळी, दुखऱ्या पायाची लाल. मॅडमचा नियम सगळ्यांना पाठ होता. लाल रेषा निळीला जाऊन भिडली की खेळायचं, तोवर नाही. पहिल्या वेळी माझी लाल रेषा इतकी खाली होती की मी मान फिरवली. पुढच्या वेळी थोडी वर. मग आणखी. प्रत्येक वेळी मी यंत्रावर बसले की मॅडम पडद्याकडे बघत एका पायावर उभ्या असायच्या, चेहऱ्यावर काही नाही.

निवडीच्या दोन दिवस आधी रेषा जुळल्या. नुसत्या जवळ आल्या नाहीत, एकीवर एक बसल्या. मॅडमनी पडद्याला नाक लावून बघितलं, मला परत करायला लावलं, परत तेच. “फिट,” त्या म्हणाल्या. मी त्यांच्या गळ्यात पडले. त्यांनी मला ढकललं, पण हसल्या. मी त्यांना त्याआधी हसताना बघितलेलं नव्हतं.

निवडीच्या दिवशी सकाळी कडक थंडी होती. मैदानावर ऊन नुकतं पसरत होतं. निवडकर्ते टेबलामागे शाली गुंडाळून बसले होते. बाबांनी अर्धी रजा टाकली होती आणि ऑफिसचे कपडे घालूनच कुंपणापाशी उभे होते. आम्ही अंग गरम करत होतो. मॅडम गोलच्या मागे चहा घेऊन उभ्या, एका पायावर. मी डोक्यानं चेंडू मारायला उड्या मारत होते. छान वाटत होतं, गुडघ्यात काही नाही, नवा कोरा पाय असावा तसं.

उतरता उतरता माझी नजर गोलच्या मागे गेली. मॅडमनी चहा खाली ठेवला होता आणि डोळे मिटले होते. त्या बघत नव्हत्या, ऐकत होत्या.

मग त्यांनी मला हाक मारली. माझ्या नावानं.

“परत उडी मार,” जवळ येऊन म्हणाल्या. मारली. “आता डाव्यावरच उतर.” उतरले. “उजव्यावर.” उतरले. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. दोन्ही वेळा धप्प असा आवाज आला, मांडीनं भार झेलला नाही की येतो तसा. तो मलाही ऐकू आला.

“बाकावर चढ. बऱ्या पायावर उभी राहा आणि दुसरा पाय जमिनीला टेकव. हळू.”

बरा पाय म्हणजे माझा डावा. त्याला कधी काही झालं नव्हतं. मी बेफिकीर चढले, डाव्या पायावर भार देऊन खाली झुकायला लागले, आणि अर्ध्यावर माझा डावा गुडघा थरथरला आणि आत कलला. मी सावरायचा प्रयत्न केला. परत कलला.

मॅडमनी वाकून त्या गुडघ्यावर हात ठेवला. मग कोचसाहेबांकडे गेल्या. “कोचसाहब, यह नहीं खेलेगी।”

“मॅडमजी, मतलब? परसों आपने ही तो बोला कि फिट है।”

“बोला था। गलत बोला था।”

बाबा कुंपण ओलांडून धावत आले. “मॅडम, हे काय करून राहिले तुम्ही? पोरगी मरमर मेहनत करून राहिली. तुमच्याच शब्दावर आणली ना मी तिला?”

“साहेब, पोरीची काही चूक न्हाई. चूक माझी हाय,” मॅडम म्हणाल्या. हळू नाही, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात. “मी उजव्याला वर आणत बसलो. डावा इतके महिने नुसता बसून खाली गेला, तो मी बघितलाच न्हाई. दोघं मधेच कुठंतरी भेटले. मी रेषा बघून म्हणालो, सारखे झाले. सारखे झाले, पण सारखे कच्चे झाले. ही वळली आणि दमलेली असली, तर दोन्हीतला एकपण पाय गुडघा सांभाळायचा न्हाई.”

“माझा पाय आहे,” मी ओरडले. “मी ठरवीन!”

“तू एकाचं बोलतीस, पोरी. मी दुसऱ्याचं सांगतोय.”

टेबलामागून एकजण म्हणाला, “जल्दी कीजिए, टीम बताइए।” कोचसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं. त्या धिप्पाड माणसाचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटतं त्यांना ती गुडघा गेलेली मुलगी दिसत होती. मी मनातल्या मनात म्हणत होते, नका ऐकू तिचं, एकदा, फक्त एकदा. त्यांनी नजर खाली केली आणि राखीव मुलीला नावानं हाक मारली.

मला त्या क्षणी त्या बाईचा इतका राग आला की तोंडात शब्द मावेनात. मी बाकावर बसले आणि मॅडम माझ्या शेजारी येऊन बसल्या. कधी न बसणारी बाई पूर्ण सामना बसून राहिली. माझ्या जागी उतरलेली मुलगी फार सुंदर खेळली, एक गोल केला, आणि तिची निवड झाली. ती वाईट खेळली असती तर मला जरा बरं वाटलं असतं. परतीच्या वाटेवर बाबांनी जगतपुऱ्याच्या फाटकाशी स्कूटर थांबवून रुमालानं चष्मा पुसला.

मी मॅडमकडे जाणं बंद केलं. कॉरिडॉरमध्ये समोरून आल्या की मी वळायचे. त्यांनी मला थांबवलं नाही, समजावलं नाही. मात्र एक झालं. त्या वर्षापासून हंगाम सुरू व्हायच्या आधीच, सगळ्या धडधाकट असताना, प्रत्येक मुलीचे दोन्ही पाय मॅडम मोजून ठेवायला लागल्या, म्हणजे पुढे कुणाला दुखापत झाली तर तुलना तिच्या स्वतःच्या चांगल्या दिवसांशी व्हावी, दुसऱ्या पायाशी नाही. आणि प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्याच तासाला सांगायच्या, “एका पोरीचं वर्ष मी खाल्लो. कसं खाल्लो ते नीट ऐका.” हे मला विद्यापीठ सुटल्यावरही ज्युनिअर मुलींकडून कळायचं. मला ते आवडायचं नाही. माझं वर्ष म्हणजे काय धड्यातलं उदाहरण होतं?

विभागात मी परत गेले ती त्याच वर्षी, परीक्षेच्या काही महिने आधी, स्वतःहून. माफ करून नाही, त्यांना दाखवायला, की मला पाय कमवता येतात. त्या म्हणाल्या, “आलीस काय उजवी मांडी? डाव्यापासून सुरू करू.” परीक्षा संपेपर्यंत माझे दोन्ही पाय गुडघा जायच्या आधी होते त्याहून मजबूत झाले. तोवर खेळायला विद्यापीठ उरलं नव्हतं. आता मी शाळेत शिकवते आणि रविवारी वैशाली नगरातल्या बायकांच्या संघात खेळते. आम्हाला बघायला कुणी निवडकर्ते येत नाहीत.

मागच्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. कोल्हापूरला परत निघाल्या तेव्हा मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेले. दुपारची गाडी होती. सामान डब्यात लावून झालं आणि आम्ही दोघी फलाटावर उभ्या राहिलो. इतकी वर्षं न विचारलेला प्रश्न मी विचारला.

“मॅडम, त्या दिवशी मी खेळले असते तर?”

उत्तर काय येणार हे मी मनात ठरवलेलं होतं. त्या म्हणतील, गुडघा गेला असता. म्हणाल्या की मी त्यांना माफ करून टाकणार होते. त्यासाठीच तर आले होते.

मॅडमनी विचार केला. खराखुरा. शेजारून हमाल सामान घेऊन गेले, गाडीची घोषणा झाली.

“बहुतेक काही झालं नसतं,” त्या म्हणाल्या.

मला ऐकलेलं खरं वाटेना. “काही नसतं झालं?”

“बहुतेक न्हाई. खेळली असतीस, कदाचित निवडून पण आली असतीस. पण गुडघा गेला असता, तर परत उभा राहायचा न्हाई, एवढं ठाऊक होतं. गेला असताच असं मला तेव्हा ठाऊक न्हवतं, आज पण न्हाई.”

खोटं बोलायला त्यांचं काय जात होतं? एक वाक्य. मी आयुष्यभर त्यांचे उपकार मानले असते. माझे डोळे भरून आले, आणि ते प्रेमानं की संतापानं, याचा मला त्या वेळी उलगडा झाला नाही. दोन्हीनं असावेत.

“मी अजून चिडलेय तुमच्यावर,” मी म्हटलं.

“चीड की. तुझं वर्ष गेलंय.” त्या डब्याच्या दारात चढल्या, दांडी धरली आणि माझ्याकडे वळल्या. पहिल्यांदाच त्या पायांकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होत्या. “मी पण चिडलोय. माझ्यावर. अजून.”